युद्धकाळाच्या हुंड्या

व्यापारी घराण्यांत जुना कागद सहजासहजी फेकला जात नाही. दरवर्षी दिवाळीला नवी वही पूजेला बसते. मागील वह्या, पावत्या, दस्तऐवज आणि हुंड्या मात्र कापडात बांधून माळ्यावर ठेवल्या जातात. घराची वाटणी होते, दुकान पुढच्या पिढीकडे जाते, जुनी वास्तू पाडून तेथे इमारत उभी राहते, तेव्हा ही गाठोडी सुटतात. त्यांतून कधी जपान सरकारच्या नावाने छापलेली रुपयाची नोट निघते. कधी जॉर्ज बादशहाच्या चित्राची, पण 'केवळ ब्रह्मदेशात ग्राह्य' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर वरून छापलेली नोट निघते. तर कधी टपाल कचेरीचे युद्धकाळातील बचत-प्रमाणपत्र. घरातील तरुण मंडळी मग दोन प्रश्न विचारतात. याचे आज किती पैसे येतील? आणि हे ठेवायचे की टाकायचे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा निराशा करणारे असते. दुसऱ्याचे उत्तर देण्यापूर्वी तिसरा एक प्रश्न विचारावा लागतो : हा कागद कोणी, कोणाला आणि कशाच्या भरवशावर दिला होता?

व्यापाऱ्याला हा प्रश्न नवा नाही. हुंडीच्या व्यवहारात दर्शनी हुंडी म्हणजे दाखविताच पैसे. मुदती हुंडी म्हणजे ठरलेली मुदत भरल्यावर पैसे. जोखमी हुंडीचे पैसे मात्र जहाजावर चढविलेला माल सुखरूप पोहोचला तरच मिळत. माल बुडाला की हुंडीही बुडाली. युद्धकाळातील नोटा आणि रोखे जमविणारे संग्राहक जगभर आहेत. ते आपल्या संग्रहाची वर्गवारी देश, साल, मालिका आणि क्रमांक यांवरून करतात, आणि ती आवश्यकच आहे. परंतु या कागदांचा अर्थ उलगडावयाचा असेल, तर हुंडीची ही जुनी वर्गवारी अधिक उपयोगी पडते.

दर्शनी म्हणून दिलेली जोखमी हुंडी

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर आणि मार्चमध्ये रंगून जपानच्या ताब्यात गेले. सैन्याबरोबर नव्या नोटाही आल्या. ब्रह्मदेशासाठी रुपये, मलायासाठी डॉलर, फिलिपीन्ससाठी पेसो आणि डच ईस्ट इंडीजसाठी गुल्डन, असे त्या त्या प्रदेशात रूढ असलेल्या चलनाचेच नाव या नोटांना देण्यात आले. लोकांची हिशेबाची सवय मोडू नये आणि जुन्या पैशाच्या बरोबरीने नवा कागद स्वीकारला जावा, हा त्यामागील हेतू होता. नोटेवरील इंग्रजी अक्षरांवरून प्रदेश ओळखता येतो. 'बी' ब्रह्मदेशाचे, 'एम' मलायाचे, 'पी' फिलिपीन्सचे आणि 'एस' ईस्ट इंडीजचे. मलायाच्या दहा डॉलरच्या नोटेवर केळीचे झाड आहे. त्यावरून तेथील लोकांनी या साऱ्याच नोटांना 'केळीचे पैसे' असे नाव दिले.

मलायाच्या डॉलरवर, मागताक्षणी धारकास रक्कम देण्याचे वचन जपान सरकार देते, अशा अर्थाची ओळ छापलेली होती. शब्दांपुरती ही दर्शनी हुंडीच होती. पण नोट घेऊन कोणी गेला असता, तर त्याला मागताक्षणी काय मिळाले असते? या कागदामागे सोने-चांदी नव्हती आणि छपाईला मर्यादाही नव्हती. सुरुवातीच्या काही नोटांवर अनुक्रमांक होते. पुढे क्रमांक गेले आणि केवळ अक्षरे उरली. किती नोटा छापल्या, याचा माग नोटेवरून लागणे बंद झाले. पेढीवर पानांना क्रमांक न घालता हिशेब लिहिला जाऊ लागला, तर मुरलेला व्यापारी त्या पेढीवरील हुंडी घेण्यास कचरेल. येथे मात्र नकार देण्याची सोय नव्हती, कारण समोर बंदूक होती. १९४५ पर्यंत मलायासाठी हजार डॉलरची नोट काढण्याची पाळी आली. त्याच वर्षी जपानने शरणागती पत्करली आणि परतलेल्या ब्रिटिश प्रशासनाने या नोटा अमान्य ठरविल्या.

१९४२ मध्ये लक्षावधी भारतीयांनी ब्रह्मदेश सोडला. त्यांतील पुष्कळजण डोंगर-जंगलांतून पायी चालत मणिपूर आणि आसामच्या सीमेवर पोहोचले. जे मागे राहिले त्यांनी तांदूळ, कापड, तेल या नोटांवर विकले आणि कमाई म्हणून त्याच नोटा तिजोरीत ठेवल्या. आज अशा नोटा संग्राहकांच्या बाजारात सहज मिळतात. त्या प्रचंड संख्येने छापल्या गेल्या होत्या, म्हणून त्यांतील बहुतेकींना फारसे मोल नाही. परंतु ज्या घरात ती नोट तीन पिढ्या राहिली, त्या घरासाठी ती कोणाच्या तरी दुकानातून निघून गेलेल्या मालाची पावती आहे.

हा धोका जिंकणाऱ्यांनाही ठाऊक होता. जपान हवाई बेटे घेईल या भीतीने अमेरिकेने १९४२ मध्ये तेथील डॉलरच्या नोटांवर 'हवाई' हा शब्द मोठ्या अक्षरांत छापला. बेटे शत्रूच्या हाती गेलीच, तर तेवढ्याच नोटा रद्द करता याव्यात, ही त्यामागील योजना. तशी वेळ आली नाही. पण त्या नोटाही जोखमी हुंड्याच होत्या. फरक इतकाच, की त्यांचे जहाज किनाऱ्याला लागले.

ऋण फिटले की नाही?

व्यापाऱ्याला सर्वाधिक अस्वस्थ करणारा प्रश्न युद्ध संपल्यावर उभा राहिला. युद्धापूर्वी खऱ्या पैशात घेतलेले कर्ज एखाद्याने ताब्याच्या काळात जपानी नोटांत फेडले असेल, तर ते फिटले काय? धनकोच्या हाती तर रद्दी उरली आहे.

फिलिपीन्समध्ये असा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. युद्धापूर्वीचे कर्ज ताब्याच्या काळात जपानी नोटांत, जपान्यांनी अवसायक नेमलेल्या बँकेकडे भरले गेले होते. न्यायालयाने १९४८ मध्ये ती फेड वैध धरली. ताबा घेणाऱ्या सत्तेला असे चलन काढण्याचा अधिकार होता आणि ऋणकोने त्या वेळच्या एकमेव चालू पैशात देणे दिले होते, असा त्या निर्णयाचा आशय होता. ताब्याच्या काळात नव्याने झालेल्या करारांसाठी तेथे एक कोष्टक वापरले गेले. कोणत्या महिन्यात किती युद्ध-पेसो म्हणजे एक खरा पेसो, हे त्यात दिलेले आहे. १९४२ च्या आरंभी हे प्रमाण एकास एक होते. जानेवारी १९४५ मध्ये एका पेसोला १२० युद्ध-पेसो.

हाँगकाँगमध्ये लोकांना आपले डॉलर जपानी लष्करी येनमध्ये बदलून घेणे भाग पडले होते. तो येन युद्धानंतर निरर्थक झाला. तेथील नोटाधारकांनी अनेक दशके तो कागद जपून ठेवला आणि जपानमध्ये दावा लावला. १९९९ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला. त्या कुटुंबांनी हे गठ्ठे छंद म्हणून जपले नव्हते. त्यांच्या लेखी ते न वटलेले येणे होते.

कायद्याने दोन्ही प्रकारची उत्तरे देता येतात. धर्मदृष्टीने पाहणाऱ्याला मात्र थोडे थांबावे लागते. खऱ्या धान्याचे ऋण खोट्या कागदाने फेडण्याची संधी चालून आली असता, ती घेणारा आणि न घेणारा, असे दोन्ही प्रकारचे लोक प्रत्येक युद्धात असतात. नोटेवर त्यांची नावे नसतात. असलीच तर ती घरच्या वहीत असतात, आणि म्हणूनच नोट व वही एकमेकींपासून वेगळी करू नये.

छोट्या सत्तांचा शब्द

दुसऱ्या महायुद्धात भारतात सुट्या नाण्यांचा तीव्र तुटवडा पडला. धातू युद्धाकडे वळला होता. १९४० मध्ये रुपयातील चांदी सुमारे ९२ टक्क्यांवरून निम्म्यावर आली. १९४३ पासून तांब्याची बचत करणारा, मध्यभागी छिद्र असलेला पैसा निघाला. या काळात काठेवाड, कच्छ आणि राजस्थानातील अनेक संस्थानांनी पैसा, आणा अशा किमतींची छोटी 'कॅश कूपन' जाड कागदावर छापली. कच्छ, मोरवी, जसदण, जुनागढ, नवानगर यांबरोबर या यादीत पालिताण्याचेही नाव आहे. शत्रुंजयाच्या पायथ्याशी वसलेल्या त्या गावात यात्रेकरूंच्या हाती सुट्या पैशांऐवजी असा पुठ्ठ्याचा तुकडा पडत असेल, ही कल्पना अनेक जैन कुटुंबांना जवळची वाटावी. हे तुकडे लहान होते, पण देणारा दरबार समोर होता आणि घेणारा त्याला ओळखत होता. पत मोजण्याचे हेही एक माप आहे.

ब्रह्मदेश परत घेताना ब्रिटिशांनी भारतीय रिझर्व्ह बँकेच्याच नोटांवर ब्रह्मदेशाच्या लष्करी प्रशासनाचे नाव छापले आणि त्या फक्त तेथेच ग्राह्य ठेवल्या. रिझर्व्ह बँक ही १९३७ पासून १९४७ पर्यंत, जपानी ताब्याचा काळ वगळता, ब्रह्मदेशाचीही मध्यवर्ती बँक होती, हे आज फार थोड्यांच्या स्मरणात आहे. अशी नोट घरात सापडली, तर कुटुंबातील कोणी १९४५ नंतर रंगूनला परतले होते काय, याचा शोध घेण्यासारखा आहे.

मुदती हुंड्या

नोटांनी सैन्याचा रोजचा खर्च चालतो; मोठे युद्ध चालते ते कर्जावर. त्यासाठी प्रत्येक देशाने आपल्या प्रजेकडून मुदतीवर पैसे घेतले. भारतात १९१७ मध्ये टपाल कचेऱ्यांतून पाच वर्षांची कॅश सर्टिफिकेट विकली जाऊ लागली. चांदी महागल्याने त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला एक रुपयाची कागदी नोट निघाली आणि पाठोपाठ अडीच रुपयांची, म्हणजे दोन रुपये आठ आण्यांची. दुसऱ्या महायुद्धात टपालखात्याची संरक्षण बचत-प्रमाणपत्रे आली. अमेरिकेत मे १९४१ पासून 'ई' मालिकेचे रोखे विकले गेले. १८ डॉलर ७५ सेंट द्यावेत आणि दहा वर्षांनी २५ डॉलर घ्यावेत, असा तो साधा सौदा होता. ज्यांना तेवढेही एकदम देणे शक्य नव्हते, ते दहा-दहा सेंटची तिकिटे वहीत चिकटवून रोख्याइतकी रक्कम जमवीत.

या रोख्यांचे पुढे काय झाले, हेच संग्राहकाने पाहावयाचे. अमेरिकेने शब्द पाळला. युद्धकाळातील 'ई' रोख्यांवर चाळीस वर्षांपर्यंत व्याज चालू ठेवले. ब्रिटनने १९१७ मध्ये पाच टक्क्यांचे युद्धकर्ज उभारले. १९३२ मध्ये त्याचा दर साडेतीन टक्के केला आणि उरलेले मुद्दल अखेर ९ मार्च २०१५ रोजी परत केले. जवळजवळ शंभर वर्षांनी का होईना, हुंडी वटली. परंतु तोवर पौंडाची खरेदीशक्ती इतकी आटली होती, की आजोबांनी दिलेला पौंड आणि नातवाला मिळालेला पौंड यांत नावापलीकडे साम्य उरले नव्हते. जर्मनीने पहिल्या महायुद्धात नऊ वेळा युद्धकर्ज काढून सुमारे ९८ अब्ज मार्क जमविले. १९२३ च्या महागाईत एका नव्या मार्कासाठी एक लाख कोटी जुने मार्क मोजावे लागले. ज्या मध्यमवर्गीयांनी आयुष्याची शिल्लक त्या रोख्यांत घातली होती, त्यांची शिल्लक नाहीशी झाली.

वचन अक्षराने पाळणे आणि मोलाने पाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा या कागदांचा धडा. तो भारतातील एका रोख्याने फार स्पष्ट केला. १९६५ च्या युद्धाच्या वेळी सरकारने 'राष्ट्रीय संरक्षण सुवर्णरोखे, १९८०' काढले. नागरिकाने सोने द्यावे, पंधरा वर्षे त्यावर अल्प व्याज घ्यावे आणि मुदत संपल्यावर तितक्याच वजनाचे सोने परत घ्यावे, अशी योजना होती. ऑक्टोबर १९८० मध्ये हे सोने परत दिले गेले. दरम्यान सोन्याचा भाव कैकपटींनी वाढला होता. वचन वजनात होते म्हणून ते मोलानेही पाळले गेले. सराफी करणाऱ्या अनेक घरांसाठी तो काळ सुवर्ण नियंत्रणाच्या जाचाचाही होता. १९६३ च्या नियमांनी चौदा कॅरेटहून अधिक शुद्धतेचे दागिने घडविण्यास मनाई केली होती. अशा दिवसांत दिलेल्या सोन्याची पावती घरात असेल, तर तिच्यात त्या पिढीचा सरकारविषयीचा राग आणि विश्वास दोन्ही एकत्र दिसतील.

याच योजनेसंबंधी हैदराबादच्या निजामाने पाच हजार किलो सोने दान केल्याची कथा सांगितली जाते. माहिती अधिकारात मिळालेले उत्तर वेगळे आहे : ४२५ किलो सोने, आणि तेही दान नव्हे, तर गुंतवणूक. संग्राहकाने कथा ऐकावी, पण नोंद पाहूनच लिहावे.

संग्रहाचा विवेक

येथे जैन गृहस्थासमोर एक स्वाभाविक शंका उभी राहते. युद्धाशी निगडित वस्तू जमविणे ही हिंसेची अनुमोदना ठरते काय? कृत, कारित आणि अनुमोदित या तिन्ही प्रकारांनी हिंसा वर्ज्य मानणाऱ्याने हा प्रश्न टाळू नये. उत्तर भावावर अवलंबून आहे. विजयाचे स्मृतिचिन्ह म्हणून, शस्त्रांच्या जोडीने मिरविण्यासाठी हे कागद ठेवले, तर अनुमोदनेचा दोष दूर नाही. युद्ध सामान्य माणसाच्या तिजोरीत कसे शिरते, हे मुलांना दाखविण्यासाठी ठेवले, तर तोच कागद वैराग्याला साहाय्यक होतो.

दुसरा विचार अचौर्य अणुव्रताचा. त्याचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत आणि ज्यांची आलोचना श्रावक प्रतिक्रमणात करतो, त्यांतील तीन या छंदाला थेट लागू पडतात. तदाहृतादान म्हणजे चोरून आणलेली वस्तू घेणे. ज्या नोटेचा वा दस्ताचा पूर्वेतिहास विक्रेता सांगत नाही, ती घेताना याचे स्मरण ठेवावे. प्रतिरूपक-व्यवहार म्हणजे नकली वस्तू खरी म्हणून देणे. रंगूनमध्ये एप्रिल १९४४ मध्ये स्थापन झालेल्या आझाद हिंद बँकेच्या नावाने आज पुष्कळ बनावट नोटा विकल्या जातात. देशभक्तीच्या भावनेने त्या घेतल्या जातात आणि फसगत लक्षात आल्यावर दुसऱ्याच्या गळ्यात घातल्या जातात. हा दुसरा व्यवहार पहिल्याहून अधिक दोषास्पद होय. तिसरा अतिचार विरुद्धराज्यातिक्रम. राज्यव्यवस्था विस्कटलेली असता मोलाच्या वस्तू अल्प किमतीत पदरात पाडून घेण्याचा प्रयत्न, असे त्याचे विवरण आचार्य पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धीत येते. युद्धकाळातील नफेखोरीचे याहून नेमके वर्णन मिळणे कठीण. १२ जानेवारी १९४६ रोजी भारतात पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या, त्या अशाच युद्धकाळातील काळ्या नफ्याला आळा घालण्यासाठी.

तिसरा विचार परिग्रहाच्या परिमाणाचा. सर्व देशांच्या सर्व मालिका पूर्ण करण्याची ओढ ही तृष्णेचीच एक जात आहे. एकच प्रदेश, एकच काळ किंवा आपल्या घराण्याचा जेथे व्यापार होता तेवढीच गावे, अशी मर्यादा आधी वहीत लिहून मग संग्रहास आरंभ केल्यास खर्चही आवरतो आणि अभ्यासही खोल होतो.

घरी काय करावे

सापडलेल्या कागदास चिकटपट्टी, टाचणी किंवा लॅमिनेशन करू नये. इस्त्री करू नये. धुऊ तर मुळीच नये. मऊ पीव्हीसी प्लास्टिकची पाकिटे कालांतराने कागद बिघडवतात. पॉलिएस्टरची पाकिटे व आम्लरहित कागद हे सुरक्षित. पावसाळ्यात दमटपणा वाढला की कसर लागते. विषारी औषध फवारून जीवहिंसा करण्यापेक्षा आधीच जागा कोरडी, स्वच्छ आणि उजेडापासून दूर ठेवावी व दर चातुर्मासाच्या आरंभी हलक्या हाताने पाहणी करावी.

जुन्या नोटांच्या बदल्यात लाखो रुपये देऊ करणाऱ्या जाहिराती व दूरध्वनी यांपासून दूर राहावे. रिझर्व्ह बँकेच्या नावाने आगाऊ शुल्क मागणाऱ्यांविषयी त्या बँकेने २०२१ मध्ये स्वतःच सावध केले आहे. बचत-प्रमाणपत्र वा रोखा असेल, तर तो वटला आहे काय, हे मागील बाजूच्या सह्या-शिक्क्यांवरून पाहावे. शंका असल्यास विकण्यापूर्वी टपाल कार्यालयात किंवा जाणकार सनदी लेखापालाकडे चौकशी करावी. परदेशी पाठविण्याचा विचार असल्यास १९७२ चा पुरावस्तू कायदा ध्यानात घ्यावा. शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांसारख्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी ऐतिहासिक मोलाची कागदपत्रे खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत.

सर्वांत महत्त्वाचे काम मात्र पैशाचे नाही. प्रत्येक नोटेसाठी आणि रोख्यासाठी एका वहीत चार ओळी लिहाव्यात : वचन कोणी दिले, ते घरात कोणाच्या हाती आले, त्या बदल्यात काय दिले गेले, आणि वचन पाळले गेले की नाही. घरातील वयोवृद्ध मंडळी आहेत तोवरच या ओळी भरता येतील. ही वही पूर्ण झाल्यावर वाटणीच्या वेळी नोटा कोणाकडेही गेल्या तरी चालेल. वहीची एक-एक प्रत मात्र प्रत्येक भावाकडे आणि प्रत्येक बहिणीकडे जावी.